चार अंश

चौतीस वर्षं मी थंडी राखली.
तुर्भ्याच्या मार्केटामागे, शीतगृह क्रमांक तीन.
आत सिमल्याची सफरचंदं, आग्ऱ्याचा बटाटा,
बाहेर मे महिना आणि हमालांच्या पाठी.
रजिस्टरात तासातासाला एकच आकडा: चार.
पाच झाला तर मुकादम येई, सहा झाला तर शेठ,
आठ झाला असता तर मीच नसतो.

म्हणून दिवाळीत ऋजुताने
व्हर्जिनियाहून मोज्यात गुंडाळून आणलेली सात लाल फळं
माझ्या हातावर ठेवली
आणि म्हणाली, काका, याला रुजायला हिवाळा लागतो,
तेव्हा मला हसू आलं.
हिवाळा? अगं, तो तर माझा धंदा.

डॉगवूड.
सुलभा म्हणाली, कुत्र्याचं लाकूड कशाला हवंय दारात?
मग फोटो पाहिला आणि गप्प झाली.
फांदीफांदीवर पांढरं,
कुणी धुतलेले रुमाल वाळत घालून
गावाला निघून गेल्यासारखं.

गर सोलला. बिया ओल्या वाळूत,
वाळू श्रीखंडाच्या डब्यात,
डबा फ्रिजच्या खालच्या खणात, कोथिंबिरीला टेकून.
वर चिकटपट्टीवर लिहिलं: खाऊ नये.

शंभर दिवस मग जुनीच नोकरी.
रात्री दोनला उठायचं, थर्मामीटर बघायचा,
वहीत लिहायचं. चार. चार. साडेचार. चार.
लाइट गेली एका शुक्रवारी
तर फ्रिजला गोधडी पांघरून मी बाजूला बसून राहिलो.
सुलभा अंधारातून म्हणाली,
माझ्या दोन्ही बाळंतपणांत मिळून
इतके जागला नव्हता.
खरं होतं. मी नाइटला होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी एक उगवलं.

आमची बाग म्हणजे कोपरखैरण्यातल्या रो-हाउससमोर
दहा बाय सहाचा तुकडा,
सिडकोच्या भरावाची माती,
दोन हात खणलं की मीठ.
म्हणून कुंडी.
दोन पानं, मग चार, मग सहा.
शिरा सरळ काठाकडे जात नाहीत त्याच्या,
वळतात, टोकापर्यंत काठाच्या आतून चालत राहतात,
पाहुण्याच्या घरात आपण भिंतीकडेनं चालतो तशा.

एप्रिलात कुंडीभोवती ओलं गोणपाट.
सकाळी बर्फाचे खडे, दुपारी टेबलफॅन.
शेजारची गोमीबाय कठड्यावरून बघायची,
कडेवर नातू, तोंडात मिश्रीचं बोट.
आमच्या मिठागरावर तू काय बर्फ पेरतंस रं, भाऊ?

मे महिन्यात काठ करपले.
आधी एका पानाचा, मग सगळ्यांचे.
मी वहीत लिहिलं: अडतीस.
पुढे काही लिहिलं नाही.

बियाण्याला हिवाळा देता येतो.
झाडाला मात्र अख्खं वर्ष द्यावं लागतं,
आणि तेवढं कुठल्याच खणात मावत नाही.
हे चौतीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं.
सफरचंदं तर फक्त थांबायला यायची.

शेवटचं हिरवं पान मी हळूच आडवं फाडलं.
ऋजुताने सांगितलं होतं करून बघायला.
खालचा अर्धा भाग पडला नाही.
दिसतील न दिसतील अशा धाग्यांना लोंबत राहिला,
मी श्वास सोडला की झुलायचा.
सुलभाला हाक मारली. तिनं चष्मा आणला.
बराच वेळ आम्ही दोघं ते एवढंसं पान बघत उभे होतो.

गौरीच्या दिवसांत गोमीबायनं
पारसिकच्या डोंगरावरून एक झुडूप उपटून आणलं, भूतकेसाचं.
हिरव्या पानांत मधूनच एक दुधासारखं पांढरं,
शेजारी इवलंसं केशरी फूल.
छान आहे फूल, मी पांढऱ्याला हात लावून म्हणालो.
ते फूल नाय, ती म्हणाली, पानच हाय. नुसता सोंग.
ऋजुताच्या झाडाचंही तसंच, मला आठवलं:
पांढऱ्या त्या पाकळ्या नव्हेत,
पानंच ती, आणि फूल मधल्या बटणाएवढं.
पण गोमीबायला व्हर्जिनिया कुठून सांगायचं?
मी खड्डा खणला. मिठाच्या वरच थांबलो.

सहा बिया अजून वाळूतच आहेत.
काही म्हणे दुसऱ्या हिवाळ्याला उठतात.
काल खण उघडला तर सुलभानं
डब्याभोवतीच्या मिरच्या नीट बाजूला सारल्या होत्या.
पुसट झालेल्या चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात: खाऊ नये.
मी दार लावलं.
चार.